मच्छर पळवणारी औषधं खरंच चालतात का, ते तपासतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा झाला की आमच्या मराठवाड्यात दोनच गोष्टींची चर्चा, सोयाबीनचा भाव आणि मच्छर. भावाचं आपल्या हातात काही नाही, पण मच्छरांवर मात्र जो तो डॉक्टर असतो. कुणी म्हणतं अमुक लिक्विडच भारी, कुणाला कॉइलच्या वासाशिवाय झोप येत नाही, आणि कुणाचा तरी भाऊ पुण्याहून कसलंतरी मशीन घेऊन आलेला असतो जे म्हणे पूर्ण वाडा मच्छरमुक्त करतं. मी कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवतो, डासांच्या टेस्ट जवळून पाहिल्यात, त्यामुळं लोक मलाच गाठतात की सर कोणतं घ्यावं ते सांगा. नाव सांगून उपयोग नाही हो, टेस्ट कशी होते ते एकदा कळलं की ज्याचं त्याला ठरवता येतं. नेहमीचे प्रश्न खाली घेतलेत, काहींची उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

स्पेशियल रिपेलंट म्हणजे काय? आपलं लिक्विड मशीनच ना?

हो, तेही त्यातच येतं. अंगाला काही न लावता, औषधाची वाफ हवेत सोडून ठराविक जागेतून डासांना लांब ठेवायचं, ते स्पेशियल रिपेलंट. कॉइल जळून वाफ सोडते, लिक्विड आणि ती जुनी निळी वडी गरम होऊन सोडते. आत असतं ते बहुतेक पायरेथ्रॉइड घराण्यातलं औषध, ट्रान्सफ्लुथ्रिन, मेटोफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, डी-ॲलेथ्रिन असली नावं बाटलीच्या मागं बारीक अक्षरात दिसतील. मूळ कल्पना शेवंतीच्या जातीतल्या एका फुलाच्या अर्काची, त्याची कारखान्यात केलेली नक्कल म्हणजे हे पायरेथ्रॉइड.

तिसरा एक प्रकार आपल्या बाजारात फार दिसत नाही पण जगात त्याच्या बऱ्याच टेस्ट झाल्यात. औषध लावलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा किंवा जाळी भिंतीला टांगायची, बस. ना लाईट लागते ना काडेपेटी, औषध आपोआप उडत राहतं. लाईटचा भरवसा नाही अशा गावांसाठी ही कल्पना मला पटते.

रात्रभर मशीन चालू होती पण सकाळी एकपण मच्छर मेलेला दिसला नाही. डुप्लिकेट आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मेलेले मच्छर मोजून ह्या औषधाची परीक्षा होतच नाही.

कमी प्रमाणातल्या वाफेनं डासाच्या नसा चाळवतात. मग चार-पाच प्रकार होतात. काही डास दारातूनच मागं फिरतात, काही आत येऊन बाहेर जायची वाट शोधतात, काही भिंतीला बसून राहतात आणि त्यांना माणूस सापडतच नाही, काही तर अंगावर येऊन बसतात पण सोंड खुपसत नाहीत. डोस वाढला तर उलटे पडून पाय झाडतात, त्यातले काही मरतात आणि काही तासाभरानं उठून परत कामाला लागतात. आपल्याला पाहिजे काय, तर चावा कमी व्हावा. आत न आलेल्या डासाचं मढं फरशीवर कुठून दिसणार?

मग टेस्ट करतात कशी? पहिल्यापासून सांगा.

सांगतो, पण हे जरा लांब आहे.

डब्ल्यूएचओनं २००९ मध्ये घरगुती कीटकनाशकांच्या टेस्टची, म्हणजे कॉइल, वडी, लिक्विड वगैरेंची पद्धत छापली आणि २०१३ मध्ये खास स्पेशियल रिपेलंटसाठी वेगळी. आपल्याकडं आयसीएमआरच्या दिल्लीच्या मलेरिया संस्थेत आणि पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये असली कामं होतात.

पहिली पायरी लॅबची. छोट्या बंद नळ्यांमध्ये डास सोडायचे, एका टोकाला औषध, दुसऱ्या टोकाला काही नाही, आणि ठराविक वेळानं बघायचं की किती कुठं गेले. त्यातनं एक आकडा निघतो, उणे एक ते अधिक एकच्या मधला, शून्य आला म्हणजे डासांना फरक पडला नाही. कॉइलसाठी ७० सेंमीची काचेची पेटी असते, तिच्यात कॉइलचा तुकडा जाळतात आणि किती मिनिटात अर्धे डास खाली पडले ते घड्याळ लावून बघतात. त्याच्या वरची पेटी म्हणजे पीट-ग्रेडी चेंबर, लांबी रुंदी उंची प्रत्येकी १.८ मीटर, आपल्या मोरीएवढी बंद खोली समजा.

दुसरी पायरी मोठ्या जाळीच्या पिंजऱ्याची. आत माणूस बसेल, झोपडी उभी राहील एवढा मोठा, वर छप्पर, बाजूनं जाळी, बाहेरचं वारं-ऊन येतं पण डास लॅबमधले, रोगमुक्त. टांझानियात इफाकारा संस्थेकडं असले मोठे पिंजरे आहेत, त्यांचं बरंच काम वाचण्यासारखं आहे.

तिसरी पायरी खरी घरं आणि जंगली डास, आणि चौथी पायरी गावंच्या गावं. निम्म्या गावांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तसंच पण आत काहीच नसलेलं, आणि कुणाला काय मिळालं ते ना घरच्यांना माहीत ना मोजणाऱ्यांना. मग महिनोन्महिने ताप, रक्ताचे नमुने. ह्या पायरीला पैसा आणि वेळ लई लागतो, म्हणून इथपर्यंत फार कमी प्रॉडक्ट पोचतात, आणि बहुतेक जाहिराती पहिल्या पायरीचा आकडा दाखवून मोकळ्या होतात.

टेस्टचे मच्छर कुठून आणतात, नालीतून का?

नाही. पाळतात. २७ अंशाच्या आसपास तापमान, हवेत ७०-८० टक्के ओल, १२ तास उजेड १२ तास अंधार. अळ्या ट्रेमध्ये वाढतात, मोठे झालेले डास साखरेच्या पाण्याच्या कापसावर. टेस्टला फक्त माद्या घेतात कारण नर चावतच नाही, त्याही अजून एकदाही रक्त न प्यालेल्या, साधारण ठरलेल्या वयाच्या, आणि टेस्टच्या आधी काही तास साखरपाणी काढून घेऊन उपाशी ठेवलेल्या. पोट भरलेला डास कुणालाच चावत नाही, मग औषध नसताना पण औषध पास!

जातही महत्त्वाची. डेंग्यूचा एडीस, हिवतापाचा ॲनॉफिलीस आणि आपल्या नालीतला क्युलेक्स, तिघांचं वागणं वेगळं, एकावर चाललेलं दुसऱ्यावर तेवढंच चालेल असं नाही.

खरंच माणसांना बसवतात का मच्छरांपुढं? हे बरोबर आहे का?

बसवतात. त्याला ह्यूमन लँडिंग कॅच म्हणतात आणि बघायला गंमत वाटते पण काम फार कंटाळवाणं आहे. माणूस स्टुलावर बसतो, पँट गुडघ्यापर्यंत वर, पोटऱ्या उघड्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ॲस्पिरेटर, म्हणजे काचेची नळी, तिला रबरी ट्यूब, आणि मधे बारीक जाळीचा तुकडा, तो नसला तर मच्छर सरळ तोंडात जाईल. डास पोटरीवर टेकला की सोंड लावायच्या आत नळी त्याच्यावर धरायची, हलकं ओढायचं, आणि कागदी कपात फुंकून सोडायचा. कपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबरबँडनं बांधलेलं असतं. दर तासाला नवा कप, कपावर वेळ लिहायची, थोडा आराम, परत बसायचं, असं संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. पहाटे तीन-चारला डुलकी लागली की त्या तासाचा आकडा गेला, म्हणून वर सुपरवायझर फिरत असतो.

बरोबर आहे का म्हणाल, तर अटी आहेत. नीतिमत्ता समितीची परवानगी, लेखी संमती, अठरा वर्षांखालचं कुणी नाही, कधीही उठून जायची मुभा, आणि जिथं जंगली डास आहेत तिथं आजारांची तपासणी आणि उपचाराची सोय. डेंग्यूवर रामबाण औषध नाही म्हणून डेंग्यूच्या भागात जंगली एडीसपुढं माणूस बसवायला मी तर नाहीच म्हणेन, तिथं सापळे वापरावेत, बीजी-सेंटिनेल नावाचा सापळा एडीससाठी चांगला मानतात.

ह्या पद्धतीत एक खोट आहे बरं का. डास टेकला की मोजला जातो, पण मघाशी सांगितलं तसं औषधानं बधिरलेला डास टेकतो आणि चावत नाही. म्हणजे लँडिंग मोजून औषधाचा गुण कमी दिसू शकतो. टांझानियाच्या पिंजऱ्यांमध्ये हे तपासून बघितलंय आणि तसंच निघालं.

९५ टक्के संरक्षण म्हणजे १०० पैकी ९५ रात्री मच्छर चावणार नाहीत?

नाही हो. हिशोब साधा आहे. औषध नसलेल्या खोलीत समजा ६० डास उतरले आणि औषधाच्या खोलीत १५, तर ४५ कमी झाले, ४५ भागिले ६० गुणिले १००, झाले ७५ टक्के. बिनऔषधाच्या खोलीला कंट्रोल म्हणतात आणि सगळा खेळ तिच्यावर आहे. कंट्रोलच नसेल तर आकड्याला अर्थ नाही, कारण त्या रात्री थंडी पडली असेल किंवा वारं सुटलं असेल म्हणूनही डास कमी येतात.

अजून एक. कंट्रोलमध्ये ४ आणि औषधात १ आला तरी पण ७५ टक्केच होतात! म्हणून टक्केवारीच्या आधी विचारायचं, एकूण डास किती होते आणि किती रात्री मोजले.

आणि मरण्याची टेस्ट असेल तर कंट्रोलमधलेच डास मेले का तेही बघतात. ५ ते २० टक्के मेले तर ॲबट नावाच्या माणसाचं १९२५ सालचं सूत्र लावून दुरुस्ती करतात, २० च्या वर गेले तर टेस्ट रद्द, परत करा.

लॅबमध्ये एवढं चांगलं चालतं मग आमच्या ओसरीवर का चालत नाही?

कारण लॅबची पेटी बंद असते आणि तुमची ओसरी उघडी. नेटमध्ये शतक मारणारा पोरगा मॅचला पहिल्या बॉलवर जातो, तसं आहे हे.

नीट सांगतो. हे औषध काम करतं ते हवेत किती दाट आहे त्यावर. खोली केवढी, दारं-खिडक्या किती, पंखा कोणत्या दिशेला, वारं किती, ह्यावर ती दाटी ठरते. आता आपली घरं बघा. जुनं माळवदाचं घर असेल तर भिंती जाड, खिडकी एकच, त्यात वाफ थांबते. पत्र्याच्या खोलीत पत्रा आणि भिंत ह्यांच्यामध्ये हातभर फट असते, तिथून वाफ जाते आणि तिथूनच मच्छर येतात. उन्हाळ्यात आपण अंगणात नाहीतर गच्चीवर बाज टाकून झोपतो, तिथं लिक्विड मशीन एक्स्टेन्शन बोर्डला लावून उशाशी ठेवणारे मी पाहिलेत, थोडी झुळूक आली की ती वाफ थेट शेजारच्या वावरात. आणि कूलर! कूलर चालू म्हणजे बाहेरची हवा सतत आत ढकलायची, खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे औषध पातळ होत राहणार. कूलरच्या हवेत मशीन नापास झाली म्हणून मशीनला शिव्या देऊ नका.

पाकिटावर खोलीचा आकार लिहिलेला असतो तो वाचा. एक मशीन हॉलमध्ये लावून चार खोल्यांची अपेक्षा धरायची नाही.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात फरक पडतो का?

टांगायच्या प्रकारात पडतो. गरम हवेत औषध लवकर उडतं, थंडीत हळू. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश होतं, पत्र्याखाली त्याहून जास्त, म्हणजे पहिल्या दिवसांत भरपूर वाफ आणि मग माल लवकर संपणार. थंड प्रदेशात केलेल्या टेस्टचा 'इतके दिवस चालतं' हा आकडा परभणी-नांदेडला जसाच्या तसा धरू नये, इथल्या उन्हात वेगळी टेस्ट पाहिजे.

मशीन कधी लावायची? आम्ही रात्री झोपताना लावतो.

क्युलेक्स आणि बहुतेक ॲनॉफिलीस रात्रीचे, त्यांच्यासाठी ठीक. पण डेंग्यूचा एडीस दिवसा चावतो, सकाळी ऊन पडल्यावर आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी जास्त. पायावर पांढरे पट्टे असतात, गुपचूप घोट्याला चावतो, टेबलाखाली-पलंगाखाली दबा धरून असतो. ज्या घरात दिवसा लहान लेकरं आणि आजी-आजोबा असतात तिथं रात्रीची मशीन डेंग्यूसाठी फारशी कामाची नाही. दिवसा खिडक्यांना जाळी, लेकरांना फुल बाह्या, आणि दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी.

कडुलिंबाचा धूर, निर्गुडी, गोवऱ्या, ह्यानं मच्छर पळतात ना? आमचे आजोबा करायचे.

धुरानं डास काही वेळ कमी होतात हे खरं आहे, गोठ्यात ढोरांना आराम पडतो हे आपण डोळ्यानं बघतो. पण धूर विरला की परत आले. शिवाय किती पाला, किती ओला, किती वेळ, ह्याचं माप नसल्यामुळं दोन घरांचा अनुभव एकसारखा येत नाही. आणि बंद खोलीत तो धूर आपल्याच छातीत जातो. गोठ्यात करा, झोपायच्या खोलीत नको.

गवती चहाच्या जातीचं सिट्रोनेला तेल पण असंच, वास आवडतो, पण उडून जातं लवकर. २०१७ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एडीस डासांवर हवेच्या बोगद्यात टेस्ट झाली, त्यात सिट्रोनेलाच्या मेणबत्तीनं काही फरक पडला नाही, हातात घालायचे पट्टे पण नापास, आणि कमरेच्या बेल्टला अडकवायचं छोटं पंखावालं मेटोफ्लुथ्रिनचं यंत्र मात्र चाललं.

मोबाईल ॲपमधून आवाज सोडून मच्छर पळतात असं म्हणतात?

नाही पळत. दहा फील्ड टेस्टचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं घेतला, अल्ट्रासॉनिक यंत्र चालू असताना आणि बंद असताना अंगावर उतरणारे डास तेवढेच. पैसे वाचवा.

बाजारात ती मच्छर अगरबत्ती मिळते, लई जोरात काम करते, एका काडीत सगळे साफ. घ्यावी का?

जोरात काम करते म्हणूनच भीती वाटते. भारतात घरगुती कीटकनाशक विकायला कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे केंद्रीय मंडळाकडं नोंदणी लागते, त्यासाठी गुणाच्या आणि विषारीपणाच्या टेस्टचे कागद द्यावे लागतात. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच काड्यांवर औषधाचं नावच नसतं, नोंदणी क्रमांक नसतो, 'हर्बल' एवढंच मोठ्या अक्षरात. नुसत्या हर्बल वासानं डास पटापट पडत नाहीत, आत काहीतरी असतं. आपल्याकडं नोंदणी नसलेलं मेपरफ्लुथ्रिन, डायमेफ्लुथ्रिन असल्या काड्यांमध्ये सापडल्याच्या तक्रारी कंपन्यांच्या संघटनेनं जाहीरपणे केल्यात. टेस्ट न झालेली वस्तू लेकराच्या उशाशी जाळायची म्हणजे टेस्ट आपल्याच लेकरावर.

कॉइलचा धूर खरंच सिगारेटसारखा असतो?

२००३ च्या एका अभ्यासात चीन-मलेशियाच्या कॉइल जाळून बघितल्या, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. लक्षात घ्या, ही तुलना बारीक कणांची आहे, निकोटीनची नाही, पण दम्याच्या माणसाला तेवढं पुरे आहे. कॉइलमध्ये औषध अगदी थोडं, बाकी लाकडाचा भुसा, करवंटीची भुकटी असलं जळण. लाईट असेल तर लिक्विड बरं, आणि कॉइलच लावायची तर खिडकी उघडी ठेवून दाराजवळ, पलंगाखाली कधीच नाही, वरची गोधडी पेटते.

आमच्याकडं रेशीम आहे. शेडजवळ कॉइल लावली तर चालेल?

अजिबात नाही! बीड-जालना भागात तुती वाढलीय म्हणून हा प्रश्न मुद्दाम घेतला. रेशीमकीडा हा पण कीटकच, आणि पायरेथ्रॉइडला तो फार नाजूक. संगोपन गृहात तर सोडाच, शेजारच्या खोलीत पण मशीन किंवा कॉइल नको, आणि ज्या हातानं लिक्विडची बाटली बदलली त्या हातानं पाला टाकायचा नाही, साबणानं धुवा. शेडला जाळी आणि दारावर पडदा हाच उपाय. मासे पण मरतात ह्यानं, घरात टाकी असेल तर झाकून दुसऱ्या खोलीत न्या. हौदात गप्पी मासे सोडले असतील तर त्या पाण्यात लिक्विड सांडू देऊ नका.

पूर्वी एक कॉइल पुरायची, आता दोन लावल्या तरी चावायलेत. मच्छरांना सवय झाली का?

एका डासाला सवय होत नाही, पिढ्या बदलतात. ज्यांच्या नसांच्या रचनेत थोडा बदल आहे ते औषधातून वाचतात, त्यांचीच पिलावळ वाढते, पुढच्या पावसाळ्यात तेच जास्त. पायरेथ्रॉइडला दाद न देणारे डास भारतात बऱ्याच ठिकाणी सापडलेत, आणि शेतातली फवारणी, धूरगाडी, घरातली मशीन, सगळीकडं बऱ्याचदा ह्याच घराण्यातली औषधं वापरली जातात त्याचा हा परिणाम. म्हणूनच टेस्ट लॅबमध्ये वर्षानुवर्षं पाळलेल्या नाजूक डासांवर करून थांबायचं नसतं, गावातून अळ्या आणून वाढवून त्यांच्यावर पण करायची असते. एखाद्या कंपनीचा रिपोर्ट हाती लागला तर पहिलं बघा, डास कोणते वापरले.

डोस दुप्पट करणं हा उपाय नाही. दोन कॉइल म्हणजे दुप्पट धूर, एवढंच नक्की.

माझ्या घरातून पळालेले मच्छर शेजाऱ्याकडं जातात का?

भांडण लावायचं नाही मला, पण प्रश्न खरा आहे. २०१३ मध्ये टांझानियात अंगाला लावायच्या रिपेलंटवर काम झालं, त्यात न लावणाऱ्यांच्या घरात जास्त डास सापडले, म्हणजे वळले. वाफेच्या औषधांत डास नुसता वळतो की अर्धवट बधिर होऊन निकामी होतो ह्यावर उत्तर अवलंबून आहे, त्यामुळं मोठ्या ट्रायलमध्ये न वापरणाऱ्या घरांवरही नजर ठेवतात. पूर्ण गल्लीनं एकत्र वापरलं तर हा वादच येत नाही.

चावा कमी होतो ते ठीक, आजार कमी होतो का?

हाच खरा प्रश्न आणि ह्याचं उत्तर यायला फार वर्षं लागली. टांगायच्या ट्रान्सफ्लुथ्रिनच्या पत्र्यावर तीन ठिकाणचे निकाल सांगतो. पेरू देशातल्या इक्विटोस शहरात एडीसच्या आजारांचं, म्हणजे डेंग्यू-झिकाचं संक्रमण साधारण ३४ टक्के कमी झालं, ते २०२२ मध्ये छापून आलं. इंडोनेशियाच्या सुंबा बेटावर मलेरिया साधारण २८ टक्के कमी दिसला, पण काही वस्त्यांमध्ये मुळात मलेरियाच इतका कमी होता की हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. केनियातल्या बुसियात लोक मच्छरदाण्या वापरत असतानाच वरून हे दिलं, आणि लेकरांमधला मलेरिया साधारण ३३ टक्के कमी झाला, हा निकाल २०२५ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डब्ल्यूएचओनं मलेरियाच्या भागात घरात वापरायला अटींसह शिफारस केली, मच्छरदाणी किंवा घरातली फवारणी ह्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही.

३३ टक्के ऐकून लोकांचं तोंड पडतं. जाहिरातीत ९९ बघायची सवय ना! पण पेटीतल्या डासांवरचे ९९ आणि हजारो लेकरांच्या रक्त तपासणीतून आलेले ३३, ह्यात मी ३३ वर जास्त विश्वास ठेवीन. आणि हे आपल्या कॉइल-लिक्विडचे निकाल नाहीत हे पण ध्यानात ठेवा.

जाता जाता, डासामुळं मलेरिया पसरतो ह्याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉस ह्या ब्रिटिश डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला सापडला, तेव्हा आपला मराठवाडा त्याच निजामाच्या राज्यात होता. म्हणजे डासांवरचं संशोधन आपल्याला परकं नाही.

घरी टेस्ट करता येईल का?

अंगावर चावून घेऊन करू नका, लेकरांना बसवून तर मुळीच नाही. पण अंदाज घ्यायचा असेल तर एक पद्धत सांगतो. सारख्या आकाराच्या दोन खोल्या घ्या, दोन्हीकडं मच्छरदाणी लावून एकेक मोठा माणूस झोपेल. एका खोलीत औषध, दुसरीत काही नाही. पहाटे उजाडायच्या आधी दारं-खिडक्या लावून टॉर्चनं भिंती, पडदे, कपड्यांची खुंटी, पलंगाची खालची बाजू आणि मच्छरदाणीचा बाहेरचा भाग, सगळीकडं बसलेले डास मोजायचे. मोजणारा दोन्हीकडं एकच पाहिजे.

औषधाची वाफ कापडात-भिंतीत मुरते, म्हणून खोल्यांची अदलाबदल करायच्या आधी काही दिवस दारं उघडी ठेवून खोली मोकळी करा. मग औषध दुसऱ्या खोलीत, आणि माणसांची पण अदलाबदल, कारण काही माणसांना मच्छर मुळातच जास्त लागतात. काका झोपले त्या खोलीत दहा आणि काकू झोपल्या तिथं दोन, ह्यात औषधाचा काही संबंध नसू शकतो. पाऊस, वारं, लाईट गेली का, सगळं वहीत लिहा. एकदोन रात्रीवर काही बोलू नका. आणि हा फक्त बसलेल्या डासांचा अंदाज आहे, चाव्यांचा नाही, ते विसरू नका.

सायन्स प्रोजेक्टला घ्यावं का हे?

शाळेत डास पाळू नका, एक सुटला तरी पालक बोंब मारतील. त्यापेक्षा गल्लीतली भांडी तपासा. १०० घरांमागं किती घरात अळ्या सापडल्या त्याला हाऊस इंडेक्स म्हणतात, आणि १०० घरांमागं अळ्या असलेली भांडी किती तो ब्रेटो इंडेक्स. आशाताई हेच करतात, त्यांच्याबरोबर फिरा.

एवढं सगळं करून मच्छर कमीच होईनात, मग काय?

मग पाण्याकडं बघा. आपल्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, कुठं टँकर, म्हणून प्रत्येक दारात टिपाड, हौद, रांजण, सिंटेक्स. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणलं तेव्हापासून साठवायची सवय अजूनच पक्की झाली. एडीस बहुतेक साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला कोरडी चिकटून महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्यानं किंवा ब्रशनं आतली कड घासायची. पाणी ओतून द्यायला जीव होत नाही हे मला कळतं, तर मग टिपाडावर सुती कापड घट्ट बांधा, साडीचा तुकडा दोरीनं आवळून, मधे झोळ पडू द्यायचा नाही. कूलर बंद केला की टाकी रिकामी करून पुसा, आणि तो गच्चीवर ठेवलेला जुना टायर आधी भंगारवाल्याला द्या.

दुकानात शेवटी काय बघून घ्यायचं?

औषधाचं नाव आणि टक्के, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख, खोलीचा आकार. चारपैकी एक जरी नसलं तर परत ठेवा.